दा नांग प्रवास (नेर, जि. यवतमाळ येथून)

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावरील दा नांग या बंदर-शहरापर्यंतचा हवाई प्रवास. नेर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरील तालुक्याचे गाव. तिथून एसटीने बडनेरा गाठायचे आणि रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबई, हा सरळ मार्ग. मुंबईहून हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीपर्यंत थेट विमाने जातात. पुढे देशांतर्गत विमान. दोन तिकिटे वेगवेगळी काढल्यास मधल्या शहरात इमिग्रेशन उरकून, सामान ताब्यात घेऊन दुसऱ्या टर्मिनलवर पुन्हा जमा करावे लागते. म्हणून मध्ये चार-पाच तास मोकळे ठेवलेले बरे. घड्याळ दीड तास पुढे करावे.

ई-व्हिसा 15 ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंतचा मिळतो. पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असेल, तर ते व्हिसाच्या अर्जात आणि तिकिटातही तसेच्या तसे लिहावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात दा नांगमध्ये धो धो पाऊस आणि पूर येतात. नेमक्या दिवाळीच्या सुट्टीत जाणे टाळावे. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.

मराठी प्रवाशाने ‘मी सन’ हे मंदिरस्थळ मुळीच चुकवू नये. चंपा राज्याची ही विटांची शैव मंदिरे युनेस्कोने 1999 मध्ये जागतिक वारसा ठरवली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने येथे जतनाचे काम केले आणि 2020 मध्ये त्या कामातच नवव्या शतकातले अखंड वालुकाश्मी शिवलिंग सापडले. दा नांग शहरातील चाम (चंपाच्या) शिल्पांचे संग्रहालय आधी पाहिले तर मंदिरे अधिक उमगतात. जुने व्यापारी बंदर होई आन दा नांगपासून सुमारे 30 किमीवर आहे.