मिरीं, मिरची आणि सयामी रस्सा

थाई भाषेंत मिरचीला 'प्रिक' म्हणतात, आणि काळ्या मिऱ्यांना 'प्रिक थाई', म्हणजे थाई देशची प्रिक, असें म्हणतात. घरच्या जुन्या वस्तूला 'घरची' असें विशेषण जोडावें लागलें, कारण परदेशांतून आलेल्या पाहुणीनें तिचें नांवच बळकाविलें. मराठींत याहून फारसें निराळें घडलें नाहीं. मिऱ्यांसारखी झोंबते म्हणून नव्या फळाला 'मिरची' हें नांव मिळालें. आणि आज 'तिखट' म्हटलें कीं मराठी माणसाला मिरचीची लाल पूडच आठवते, मिऱ्यांची आठवण होत नाहीं. ज्यांच्या स्वयंपाकघरांचा इतिहास असा जोडीनें चालला, त्या दोन देशांच्या रश्शांचें नातें काय आहे? आणि सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरसारख्या गांवीं एखादा खवय्या चांगली थाई करी शोधावयास निघाला, तर त्यानें ती कोणत्या खुणांनीं ओळखावी? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर पहिल्यांत आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडांतील. कोलंबस १४९२ सालीं त्या बाजूस पोंचला, त्यापूर्वीं हिंदुस्थानांत ती कोणीं पाहिलीही नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत राजभोजनाचें सविस्तर वर्णन आहे. त्यांत मिरीं आहेत, आलें आहे, हिंग आहे, परंतु मिरची नाहीं. पुढें पोर्तुगीजांनीं १५१० सालीं गोवें जिंकलें, १५११ सालीं मलाक्का जिंकलें, आणि त्याच वर्षीं त्यांचा वकील सयामची राजधानी अयुथ्या येथें जाऊन पोंचला. मिरचीचा पूर्वेकडील प्रसार याच जलमार्गांनीं झाला, असें इतिहासकार मानतात. गोवें आणि अयुथ्या या दोन्ही ठिकाणीं तिला आणणारे हात एकाच राष्ट्राचे होते.

नारळाच्या रसांतील कालवण मात्र मिरचीच्या जोरावर उभें राहिलेलें नाहीं. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. त्याचा औषधी वनस्पतींवरील ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. नारळाविषयीं लिहितांना तो सांगतो, कीं नारळाच्या दुधांत येथील लोक कोंबडीचें किंवा इतर मांस शिजवितात आणि त्या पदार्थाला 'कारील' म्हणतात. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्शाची ओळख एखाद्या परक्यास करून द्यावयाची झाली, तर याहून फार वेगळे शब्द वापरावे लागणार नाहींत.

सयामकडे पाहावें तों तेथेंही तीच सरमिसळ. सिमाँ द ला लूबेर हा फ्रान्सचा वकील १६८७ सालीं तेथें गेला. त्यानें सयामी लोकांचें रोजचें अन्न अगदीं साधें, मुख्यतः भात व मासे, असें नोंदविलें आहे. परंतु अयुथ्येच्या बाजारांत आणि दरबारांत इराणी व्यापारी सतराव्या शतकाच्या आरंभापासून वजन राखून होते. दालचिनी, वेलदोडे, लवंग अशा सुक्या मसाल्यांचा 'मसामन' नांवाचा थाई रस्सा आजही प्रसिद्ध आहे. त्याचें नांव 'मुसलमान' या शब्दावरून आलें, असें बहुतेक अभ्यासक मानतात. रश्शाला थाई भाषेंत 'गेंग' म्हणतात. सयामनें १९३९ सालीं आपलें नांव बदलून थायलंड असें ठेविलें आणि पुढें जगभर 'थाई करी' हा शब्द रूढ झाला. तेव्हां 'अस्सल थाई' म्हणून जें मागितलें जातें, त्यांत अमेरिकेची मिरची आणि इराणी वाटेनें आलेला मसाला एकत्र नांदत आहेत. केवळ कुळावरून अस्सलपणा ठरवूं गेलें, तर ना सयामचा रस्सा टिकेल, ना कोल्हापूरचा.

ही करी महाराष्ट्रांत आली ती प्रथम मुंबईच्या मोठ्या हॉटेलांतून. कफ परेडवरील प्रेसिडेंट हॉटेलांत १९९३ सालीं 'थाई पॅव्हिलियन' सुरू झालें. थायलंड सरकारनेंही २००२ पासून परदेशांत थाई उपाहारगृहें वाढविण्याची योजना हातीं घेतली. त्याबरोबर डब्यांतील तयार वाटण आणि डब्यांतील नारळाचें दूध गांवोगांव जाऊं लागलें. अशा रीतीनें पदार्थाचें नांव पुढें धांवलें आणि त्याची कृति मागें राहिली. खवय्याची निराशा होते ती येथेंच.

आतां इस्लामपूरची गोष्ट घ्यावी. कृष्णा आणि वारणा यांच्या मधल्या काळ्या जमिनींतलें, वाळवें तालुक्याचें हें मुख्य गांव. जो जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा म्हणून निघाला, तो १९६० पासून सांगली झाला. आणि इस्लामपूरचें नांव ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्यशासनानें २०२५ सालीं जाहीर केला. नांवें बदलतात; जमिनींतून येणारा माल मात्र तोच राहतो. थाई पिवळ्या करीला हळद लागते, आणि हळदीची मोठी पेठ सांगलीसच आहे. हरिपूरच्या जमिनींतील पेवांत हळद सांठविण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. लाल करीला सुकी लाल मिरची भिजवून वाटतात; तिच्यासाठीं संकेश्वरी मिरची लांब नाहीं. गवती चहा परसांत असतो, पण तो आपल्याकडे पातीच्या रूपानें चहांत जातो. थाई लोक त्याचा बुंधा वाटणांत घालतात. गवयी घसा साफ राहावा म्हणून जें कुळिंजन तोंडांत धरतात, त्याचाच ओला कंद तेथें आल्यासारखा वापरतात. सब्जाचें बीं आपण सरबतांत भिजवितों. त्याच जातीच्या झाडाचीं पानें थाई करींत शेवटीं पडतात. आणि कोथिंबिरीच्या जुडीचीं जीं मुळें आपल्या घरांत कापून टाकून देतात, तीं थाई वाटणाचा आधार आहेत. मक्रूत लिंबाचें जोडपान तेवढें बाहेरून आणावें लागेल.

म्हणजे उणीव सामानाची थोडी, मेहनतीची अधिक. थाई सुगरण हें सारें दगडी खलांत कुटते. यंत्राचें पातें तंतू कापतें. खलबत्ता त्यांना ठेंचतो आणि त्यांतील सुगंधी तेल बाहेर काढतो. मग नारळाचा पहिला, दाट रस आटवून त्याचें तेल सुटूं देतात, त्या तेलांत वाटण परततात, आणि त्यानंतर पातळ रस घालतात. वाटण तेल सुटेपर्यंत परतावें, ही ताकीद मराठी घरांत सासूनें सुनेला पिढ्यान्‌पिढ्या दिलेली आहे. तांबड्या रश्शावरची तर्री ही तिचीच साक्ष. चांगल्या थाई करीवरही असाच तेलाचा पातळ तवंग दिसतो. पिठानें दाट केलेल्या, साखरेनें गोड केलेल्या आणि पोपटासारख्या हिरव्यागार करीवर तो दिसत नाहीं. हिरव्या करीचा खरा रंग कुटलेल्या मिरचीचा, नारळाच्या दुधानें फिका झालेला असतो. शोध करणाऱ्यानें पदार्थपत्रकावरचें नांव वाचण्यापूर्वीं आंत वाटण रोज होतें कीं नाहीं, एवढें विचारावें. उत्तर 'डबा फोडतों' असें आलें, तर तेथें थाई करी मागूं नये. तांबडा रस्साही मागण्यापूर्वीं विचार करावा.

कारण धोका परक्या पदार्थापुरता नाहीं. ज्या स्वयंपाकघरांत एका रश्शासाठीं डबा उघडतो, तेथें दुसऱ्यासाठीं वाटण करणारा हात फार दिवस टिकत नाहीं. चार शतकांपूर्वीं मिरची आली तेव्हां मराठी बायकांनीं ती पाट्यावर घेतली, वाटली, आपल्या खोबऱ्यालसणांत मिसळली आणि आपली केली. सयामी बायकांनीं आपल्या खलांत तेंच केलें. दोघींनींही आलेली वस्तु डब्यांतून जशीच्या तशी ताटांत ओतली नाहीं. इस्लामपुरांत एखाद्या खानावळवाल्यानें गवती चहाचे बुंधे आणि कोथिंबिरीचीं मुळें घेऊन वाटण घातलें, तर त्याचा रस्सा बँकॉकच्या रश्शासारखा तंतोतंत होणार नाहीं. पण तो ज्या रीतीनें होईल, ती रीत बँकॉकचीही आहे आणि इस्लामपूरचीही.