गाळा नंबर आणि माइकचा नंबर

आजच्या भागात इतिहास आहे, पण राजे नाहीत आणि लढायाही नाहीत. टेबलावर दोन सारखे माइक आहेत आणि स्क्रीनवर 'यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस' हे नाव दोनदा दिसतंय. कुठलं नाव कुठल्या माइकचं?

काल्हेरच्या माणसाला हा प्रश्न फार समजावून सांगावा लागत नाही. ठाण्याहून भिवंडीकडे येताना काशेलीची खाडी ओलांडली की गोदामं सुरू होतात. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, पण त्याआधी कित्येक वर्षं हद्दीबाहेर माल उतरवायचा म्हणून हा पट्टा वाढत गेला. इथला पत्ता म्हणजे कंपाउंड, बिल्डिंग, गाळा नंबर. आत एकाच मॉडेलचे शेकडो खोके. त्यातला 'हाच तो' खोका ओळखायचे मार्ग दोनच: त्याचा सिरियल नंबर, नाहीतर तो ठेवलाय कुठे ती जागा.

कॉम्प्युटरकडेही हेच दोन मार्ग आहेत.

सुरुवातीला तर ओळख माणसानेच करून द्यायची. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं 'साउंड ब्लास्टर' कार्ड आलं. कॅबिनेट उघडा, कार्ड खोचा, त्यावरचे बारके जंपर बसवा आणि मग गेमला सांगा, पत्ता २२०, इंटरप्ट ५ किंवा ७. चुकलं की आवाज गायब. कटकट होती खरी, पण कार्ड कुठे आहे हे तुम्हाला पक्कं माहीत असायचं.

१९९४ मध्ये सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. त्यात इंटेलचे अजय भट्ट होते, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनियर झालेले. गायकवाडांच्या नावाचं विद्यापीठ, त्यामुळे आपण थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही!

यूएसबीत वस्तू स्वतःच आपली ओळख सांगते. वायर लावली की कॉम्प्युटर विचारतो, कोण तू? माइक १८ बाइटचं उत्तर पाठवतो. त्यात कंपनीचा नंबर असतो, मॉडेलचा नंबर असतो, आणि सिरियल नंबर कुठे मिळेल याची एक खूण असते. गंमत इथेच आहे. सिरियल नंबर ऐच्छिक ठेवला होता. त्या जागी शून्य टाकलं तरी चालतं, आणि स्वस्त माल बनवणाऱ्यांनी आनंदाने शून्य टाकलं. प्रत्येक नगात वेगळा नंबर भरायचा म्हणजे कारखान्यात एक काम वाढतं ना. त्यात अनेक वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत तैवानच्या सी-मीडियासारख्या एखाद्याच कंपनीची चिप निघते. खोक्यावर ब्रँड काहीही असो, माइक नाव सांगतो ते चिपचं.

मग कॉम्प्युटर काय करतो? जागा बघतो. लिनक्समध्ये पोर्टची वाट '१-१.२' अशी दिसते, म्हणजे पहिली बस, तिचं पहिलं पोर्ट, तिथे लावलेल्या हबचं दुसरं पोर्ट. कंपाउंड, बिल्डिंग, गाळा! पण वरच्या थरात लिनक्सची 'आल्सा' ही ध्वनियंत्रणा कार्ड ०, कार्ड १ असे नंबर देते, आणि ते साधारण जो आधी सापडला त्याला आधी. मशीन रीस्टार्ट केलं की अदलाबदल होऊ शकते. विंडोजमध्ये बिनसिरियलचा माइक दुसऱ्या पोर्टात लावला की तो नवाच समजला जातो, आणि नावापुढे '२-' लागलेला आणखी एक भाऊ यादीत उगवतो.

दुसरा घोळ उलटा आहे. एका हेडसेटच्या पोटात स्पीकर, माइक आणि आवाजाची बटणं अशा तीन गोष्टी असतात, आणि सॉफ्टवेअरला त्या तीन वेगळ्या वस्तू वाटतात. २००९ मध्ये विंडोज ७ ने 'कंटेनर आयडी' आणला, की ही सगळी पिल्लं एकाच वस्तूची. ब्राउझर त्यासाठी 'ग्रुप आयडी' देतो. पण तिथे माइकचा आयडी प्रत्येक वेबसाइटला मुद्दाम वेगळा दिला जातो, कारण एका माइकवरून तुमचा माग काढता येऊ नये. ही लपवाछपवी मला पटते.

तुमच्या फोनचं काय? अँड्रॉइडमध्ये यूएसबी ऑडिओची सोय २०१४ च्या ५.० आवृत्तीपासून आली. फोनला पोर्ट बहुधा एकच, म्हणून हा प्रश्न झाकलेला राहतो. हब लावा, की उघडा पडेल.

आता म्हणाल, एवढा कीस कशाला? समजा, भिवंडीत यंत्रमागावर उभं आयुष्य काढलेले एक आजोबा समोर बसलेत. दोन तास बोलले. घरी येऊन ऐकता, तर त्यांच्यासमोरचा माइक बंदच होता, सगळं लॅपटॉपच्या माइकने उचललंय, पंख्याच्या घरघरीसकट. ते पुन्हा बोलतीलही, पण तसंच नाही बोलणार.

म्हणून रेकॉर्डिंगआधी यादीतलं नाव वाचून थांबू नका. एका माइकवर नखाने टकटक करा आणि कुठली पट्टी हलते ते बघा. मग ते पोर्ट बदलू नका. आमच्या हबवर पांढरी चिकटपट्टी लावलीय, त्यावर पेनाने लिहिलंय: डावं पाहुण्यांचं, उजवं आपलं.