भिंतीचा पहिला हात



घर रंगवायचे ठरले म्हणजे घरात चर्चा होते ती रंगाची. पिवळा की आकाशी, यावर लहानथोर सगळे मत देतात. पण रंगाखाली जो पहिला हात बसतो, ज्याला रंगारी अस्तर म्हणतात आणि डब्यावर प्रायमर लिहिलेले असते, त्याची निवड आपण दुकानदारावर सोपवून मोकळे होतो. आज या न दिसणाऱ्या हाताचा इतिहास सांगावा असे मी योजले आहे. कोणते अस्तर घ्यावे याचे अर्धे उत्तर भिंतीत आहे, आणि उरलेले अर्धे या इतिहासात.

अस्तर डब्याबरोबर आले असे नाही. अजिंठ्याच्या चित्रकारांनी उघड्या खडकावर रंग लावला नाही. माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पातळ पांढरा लेप, आणि मग चित्र, असा त्यांचा क्रम होता. आपल्या गोरेगावाकडच्या बाया मातीच्या भिंतीला आधी शेणमातीचा हात देऊन मग पांढऱ्या मातीने पोतारतात, तेव्हा त्याही हेच शास्त्र पाळतात. खालच्या थराने भिंतीला धरावे, वरच्याला धरून ठेवावे आणि ओल बाहेर पडू द्यावी.

पुढे तेलाचा रंग आला. आपल्याकडे बांधीत धान उभे असतानाच जवस फेकतात. त्या जवसाच्या तेलाचा गुण असा की हवा लागली म्हणजे ते वाळून चिवट पापुद्रा धरते. हावड्यास 1902 साली शालिमारचा कारखाना निघाला, मुंबईस 1942 साली एशियन पेंट्सचा आरंभ झाला. कित्येक पिढ्या जगभरचे रंगारी या तेलात शिसे घालीत आले: लाकडाला आणि भिंतीला शिशाचा सफेदा, लोखंडाला शेंदूर. शिशाने अस्तर टणक होई, लोखंड गंजत नसे. घरधन्याला याहून अधिक काय हवे?

पण त्याची किंमत रंगाऱ्याच्या शरीराने मोजली. जुना रंग कोरडा खरवडताना उडालेली धूळ नाकातोंडात जाई, त्याच हातांनी भाकरी खाल्ली जाई. पोटात कळा येत, अंगातले रक्त कमी होई, आणि शेवटी मनगट लुळे पडे. ज्या हाताने ब्रश धरायचा तोच हात निकामी! युरोपात या दुखण्याला रंगाऱ्यांचा पोटशूळ असेच नाव पडले होते.

1919 साली वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली, तिला ना. म. जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. याच परिषदेच्या 1921 च्या जिनीव्हा अधिवेशनात इमारतींच्या आतील रंगकामात शिशाचा सफेदा वापरू नये, असा करार झाला. त्याला काही अपवाद ठेवले गेले, आणि भारताने तो मंजूर केला नाही. आपल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात शिशाची विषबाधा धंद्याचा रोग म्हणून नोंदली गेली खरी. परंतु एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी ही अट होती. आठ दिवस या घरी, पंधरा दिवस त्या घरी राबणाऱ्या रंगाऱ्याने सहा महिन्यांचा मालक कोठून दाखवावा? कायदा होता, पण त्याच्या दारात रंगाऱ्याला उभे राहता येत नव्हते.

घरगुती रंगांतील शिशावर केंद्र सरकारचा नियम झाला 2016 साली, आणि अंमल सुरू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून. दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक शिसे नको, आणि तसे डब्यावर छापलेले हवे. जिनीव्हापासून या नियमापर्यंत 95 वर्षे गेली.

आता निवडीकडे वळू. सिमेंटचा नवा गिलावा क्षारयुक्त असतो. तो ओला असताना तेलाचे अस्तर मारले तर तेलाचा साबण होऊन रंग सोलून निघतो. म्हणून महिनाभर भिंत वाळू द्यावी आणि पाण्यात कालवायचे सिमेंट प्रायमर घ्यावे. जुन्या चुन्याच्या भिंतीवरचा सुटा चुना आधी काढावा, नाहीतर अस्तर भिंतीला न धरता चुन्याला धरते. लाकडाला लाकडाचे प्रायमर. लोखंडाचा गंज घासून रेड ऑक्साइड लावावे. ते दिसते शेंदरासारखे, पण असते लोहाचे. पिवळे झिंक क्रोमेट घरात आणू नये, त्यातील क्रोमियम कर्करोगाला कारण होते. मातीच्या भिंतीला यांतले काहीच नको; तिला पोतारा पुरे.

डबा घेताना शिशाची ओळ वाचा. जुना रंग काढायचा असेल तर भिंत ओली करून घासू द्या, आणि पोरांना त्या धुळीत खेळू देऊ नका. शिशाचा घात मुलांना सर्वांत अधिक. घरी आलेल्या रंगाऱ्याला जेवणाआधी हात धुण्यास साबण द्या. त्याला एक गोष्ट विचारा: बांधकाम कामगार म्हणून तुझी नोंद झाली आहे काय? तेथे सहा महिन्यांचा एक मालक लागत नाही. वर्षभरात 90 दिवसांचे काम दाखवावे लागते. ते दिवस तुमच्या घरी भरले असतील, तर तसे लिहून देण्यास कचरू नका.