कॅमेऱ्यातील रंगकोष्टकाची कुळकथा

ज्या नाशकात दादासाहेब फाळक्यांनी आपले अनेक चित्रपट निर्माण केले आणि जेथे 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे देहावसान झाले, त्याच नाशकात आज येवल्याच्या पैठणीतील वधूचे चित्रण करणारा व्हिडिओग्राफर कॅमेऱ्याच्या पडद्यावर आधी ‘लट’ (लुक-अप टेबल) हे रंगकोष्टक चढवून घेतो, म्हणजे पैठणीचा जांभळा रंग अखेरीस कसा दिसेल याची तेथल्या तेथे खातरजमा करतो. हे साधन नवे असले तरी त्यामागची गरज फाळक्यांच्या काळाइतकी जुनी आहे.

त्या काळच्या चित्रफितीवर तांबड्या रंगाचा परिणाम जवळजवळ होतच नसे. त्यामुळे कपाळीचे कुंकू काळे उमटे आणि गोदेवरचे निळे आकाश पांढरेफटक पडे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या आणि 1909 मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी जर्मनीस जाऊन आलेल्या फाळक्यांना रंगांच्या या लहरीची जाण असणे स्वाभाविकच होते. पाश्चात्त्य छायालेखक अशा वेळी डोळ्यापुढे निळी काच धरून दृश्य पारखीत. पुढे सर्व रंग टिपणारी कृष्णधवल फीत आल्यावर निळ्या काचेची जागा रॅटन 90 या पिंगट काचेने घेतली. कॅमेऱ्यातील कोष्टकाचे खरे पूर्वज मी या काचांनाच मानतो.

परंतु काच रंग हरण करी, रंग देणे तिच्या सामर्थ्याबाहेर होते. 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनीने ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्याचे साहस केले, रंगसंस्कारासाठी तो जर्मनीस नेला, आणि तेथे रंग मनासारखे उतरले नाहीत. चित्रण एका खंडात आणि त्याचा निकाल दुसऱ्या खंडात, अशा व्यवस्थेत छायालेखकाने कशाच्या आधारे प्रकाश बेतावा?

1993 च्या सुमारास कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीत चित्रफितीचे अंकांत रूपांतर होऊ लागले, तेव्हा छापील प्रत कशी दिसेल हे संगणकाच्या पडद्यावर आधीच दाखविण्यासाठी कोष्टकांचा आश्रय घेण्यात आला. सावकाराने दर वेळी गुणाकार न करता व्याजाच्या तयार तक्त्यातून आकडा सांगावा, तसा हा प्रकार: आत आलेल्या तांबड्या, हिरव्या, निळ्या अंकांपुढे बाहेर द्यावयाचे अंक आधीच मांडलेले असतात. दहा बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या 1,024 पायऱ्या धरल्या तर एकूण संयोग 107 कोटींवर जातात. एवढे दफ्तर कोण बाळगणार? म्हणून प्रत्येक रंगाचे 33 टप्पे घेऊन 35,937 नोंदींवर भागवितात आणि मधल्या किमती अंतर्वेशनाने काढतात. ही युक्ती आपल्याकडे अपरिचित नव्हती. आर्यभटाने 24 ज्यांचे (म्हणजे साइन-मूल्यांचे) कोष्टक दिले आणि ब्रह्मगुप्ताने ‘खंडखाद्यका’त मधल्या ज्या काढण्याची सूक्ष्म रीत सांगितली. (यावरून लटचा शोध भारतात लागल्याचा दावा मात्र कोणी करू नये.)

2010 मध्ये आलेल्या ॲरीच्या अलेक्सासारख्या कॅमेऱ्यांनी ‘लॉग’ चित्रण रूढ केले, आणि संगणकावरचे कोष्टक चित्रणस्थळी येऊन पोहोचले. काळाराम मंदिराचा काळा पाषाण आणि त्यावरचे तळपते ऊन ही दोन्ही एका चौकटीत सांभाळावयाची, तर लॉग प्रकाशाची मूल्ये आवळून नोंदविते. परिणामी मूळ चित्र करडे, निस्तेज दिसते. ते पाहून यजमान धास्तावतो आणि अननुभवी छायालेखक विनाकारण भिंगाचे छिद्र उघडतो. कोष्टक चढविले की पडद्यावर भगवा भगवा दिसतो, पण नोंद मात्र अविकृत राहते.

अलीकडच्या काही कॅमेऱ्यांत कोष्टकाचा रंग नोंदीतच कायमचा मुरवून टाकण्याची सोय आहे. लग्न दुसऱ्याच दिवशी हातावेगळे करावयाचे असेल तर ती क्षम्य म्हणावी. एरवी तिचा मोह घातक आहे, कारण एकदा जळालेला उजेड कोणत्याही कोष्टकाने परत येत नाही. 2027 च्या सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी कॅमेरे घेऊन उभे राहणाऱ्यांनी कोष्टक केवळ पाहण्यापुरते ठेवावे, आणि संकलकाकडे चित्रण सोपविताना त्या कोष्टकाची फाइलही आठवणीने सोबत द्यावी.