लिनक्स २.६.१२ : परवाना गेला, इतिहास राहिला

१/६
लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेल्या लिनक्स कर्नलला पहिली दहा वर्षे आवृत्ती-नियंत्रण प्रणालीच नव्हती. दुरुस्त्या ईमेलने येत. टोरवाल्ड्स त्या तपासून आपल्या प्रतीत मिसळत आणि नवी आवृत्ती प्रसिद्ध करीत.

२/६
योगदान वाढले, तशा दुरुस्त्या हरवू लागल्या. २००२ मध्ये त्यांनी बिटकीपर ही प्रणाली स्वीकारली. ती खासगी कंपनीची होती. विनाशुल्क, पण अटींसह. मुक्त सॉफ्टवेअरचे दप्तर परक्या कुलपात ठेवण्यास अनेकांचा विरोध होता.

३/६
ही भीती २००५ मध्ये खरी ठरली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरशी संवाद साधणारे स्वतंत्र साधन लिहावयास घेतले. वाद पेटला आणि कंपनीने विनाशुल्क परवाना मागे घेतला. त्या वेळी २.६.१२ ही आवृत्ती अर्ध्या वाटेवर होती.

४/६
टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला ‘गिट’ लिहावयास घेतले. ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा इतिहास गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. १६ एप्रिलला कर्नल त्यात दाखल झाला आणि १७ जूनला २.६.१२ प्रसिद्ध झाली.

५/६
गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख तिचा आशय आणि आधीच्या नोंदीची ओळख यांवरून गणिताने ठरते. जुनी एक ओळ बदलली, तरी पुढील साऱ्या ओळखी बदलतात. प्रकाशनाच्या नोंदीवर स्वाक्षरीसह टॅग लागतो. त्यामुळे कोणती संहिता प्रसिद्ध झाली, हे कोणालाही पडताळता येते.

६/६
शिवाय प्रत्येक विकासकाजवळ संपूर्ण इतिहासाची प्रत असते. परवाना एका पत्राने रद्द होऊ शकतो; हजारो घरी असलेले दप्तर तसे जप्त करता येत नाही.