हैदराबादची जीनोम व्हॅली आणि आरोग्यक्षेत्रातील नवउद्योग : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

लस किंवा औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी प्रयोगशाळेतील संशोधन, प्राण्यांवरील व मानवी चाचण्या आणि शासकीय परवाना असे अनेक टप्पे पार करावे लागतात. या काळात खर्च सतत वाढत असतो. उत्पन्न मात्र नसते. नवउद्योगाने हा भार एकट्याने पेलणे जवळजवळ अशक्य असते. हैदराबाद परिसराने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सार्वजनिक संस्थांचा पाया

जैवतंत्रज्ञानाचे केंद्र म्हणून हैदराबादचा लौकिक होण्यापूर्वीच त्याचा पाया घातला गेला होता. केंद्र सरकारने 1961 मध्ये स्थापन केलेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या हैदराबाद येथील कारखान्यात औषधनिर्मितीतील तंत्रज्ञांची एक पिढी घडली. पुढे 1984 मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन करणारे के. अंजी रेड्डी यांनीही आरंभी तेथे नोकरी केली होती. पुष्प मित्र भार्गव यांच्या पुढाकाराने 1977 मध्ये पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, आकारास आले. त्यामुळे आधुनिक जीवशास्त्रातील मूलभूत संशोधनही याच शहरात रुजले.

शांता बायोटेक्निक्सचा प्रयोग

इलेक्ट्रॉनिक्स अभियंता असलेल्या के. आय. वरप्रसाद रेड्डी यांनी 1993 मध्ये आईच्या नावाने शांता बायोटेक्निक्स ही कंपनी स्थापन केली. हिपॅटायटिस-बी या रोगावरील लस भारतातच तयार करणे हे तिचे उद्दिष्ट होते. कंपनीजवळ स्वतःची प्रयोगशाळा नव्हती. आरंभी उस्मानिया विद्यापीठात आणि नंतर सीसीएमबीमध्ये तिच्या संशोधकांना काम करता आले. ओमानचे मंत्री युसूफ बिन अलावी यांनी भांडवल पुरविले, तर केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने अर्थसाहाय्य केले. 1997 मध्ये ‘शान्व्हॅक-बी’ ही लस बाजारात आली. आयात लशीच्या एका मात्रेस शेकडो रुपये मोजावे लागत असताना ही लस सुमारे 50 रुपयांत उपलब्ध झाली. अशा रीतीने, कोणतीही औपचारिक योजना नसताना, सार्वजनिक संस्थांनी एका नवउद्योगास आधार दिला होता.

आधाराचे संस्थात्मक रूप

या तुरळक साहाय्यास 1999 नंतर निश्चित स्वरूप आले. तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने शामीरपेठ परिसरात जीनोम व्हॅलीची योजना आखली. शासन व आयसीआयसीआय यांच्या सहकार्याने तुर्कापल्ली येथे सुमारे 200 एकरांवर नॉलेज पार्क उभे राहिले. तयार प्रयोगशाळा भाड्याने मिळू लागल्याने इमारत व मूलभूत सुविधांवरील प्रारंभिक खर्च वाचला. केंद्राने 2012 मध्ये ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन केली. तिच्या ‘बिग’ योजनेतून नवकल्पनेच्या पडताळणीसाठी 50 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्यात येऊ लागले आणि हे नॉलेज पार्क त्या योजनेचे आरंभीच्या भागीदारांपैकी एक ठरले. परिणामी जागेबरोबरच अनुदान व मार्गदर्शन एकाच ठिकाणी लाभू लागले.

फलित व मर्यादा

या परिसराच्या यशात बाहेरच्या संस्थांचाही वाटा आहे. भारत बायोटेकच्या ‘रोटाव्हॅक’ लशीतील विषाणू दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत नवजात बालकांमध्ये आढळला होता. ती लस 2016 मध्ये राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आली. जानेवारी 2021 मध्ये आपत्कालीन मान्यता मिळालेल्या ‘कोव्हॅक्सिन’साठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विषाणू वेगळा करून दिला होता. याउलट, शांता बायोटेक्निक्स 2009 मध्ये सनोफी या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली. सार्वजनिक प्रयोगशाळांच्या आधाराने वाढलेल्या उद्योगाची मालकी परदेशी जाऊ शकते, ही या प्रारूपाची मर्यादा यातून दिसून येते.

निष्कर्ष

हैदराबादच्या अनुभवावरून असे म्हणता येईल की, जागा व इमारती यांच्याइतकेच संशोधन संस्थांचे खुले दरवाजे आणि दीर्घकाळ थांबण्याची तयारी असलेले भांडवल नवउद्योगांना आवश्यक असते. मात्र अशा केंद्राचे यश तेथील कंपन्यांच्या संख्येवरून ठरविणे पुरेसे नाही. समाजाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ज्ञानाचे फळ सामान्य रुग्णास परवडेल अशा किमतीत मिळते की नाही, हाच त्याचा खरा निकष होय. त्यामुळे सार्वजनिक साहाय्य देतानाच किंमत व उपलब्धता यांविषयीच्या अटी निश्चित करणे इष्ट ठरते.