आतले पाणी, बाहेरचे पाणी

माझ्या एका अनुवादाच्या टिपेत चूक आहे आणि ती छापून गेलेली आहे. शिगा नाओया यांची ‘किनोसाकी येथे’ ही 1917 सालची कथा मी मराठीत आणली, तेव्हा शेवटी चार ओळींची टीप जोडली होती. 1913 मध्ये तोक्योत यामानोते मार्गावरच्या गाडीची धडक बसून लेखक जबर जखमी झाले, विश्रांतीसाठी किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावी गेले, इथपर्यंत ठीक होते. पुढे मी लिहिले : ‘तेथील पांथशाळेच्या कुंडात ते रोज स्नान करीत.’ हे वाक्य मी कुठेही वाचलेले नव्हते. गरम पाण्याचे गाव म्हटल्यावर उतरल्या जागी गरम पाणी असणारच, असे मी धरून चालले होते.

ती चूक कळली ती प्रत्यक्ष त्या गावी गेल्यावर. किनोसाकी आज ह्योगो प्रांतातल्या तोयोओका शहरात मोडते. जपान समुद्र जवळ, मधून वाहणारी अरुंद ओतानी नदी, काठाने वाळुंजाची झाडे आणि दगडी कमानीचे पूल. संध्याकाळ झाली की रस्त्यांवर खडावांचा आवाज सुरू होतो. सुती युकाता घातलेले पाहुणे हातात टॉवेल घेऊन एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. अशी सात सार्वजनिक स्नानगृहे गावात आहेत. त्यांना ‘सोतोयु’ म्हणतात, म्हणजे बाहेरचे गरम पाणी. पांथशाळेतले ते ‘उचियु’, आतले पाणी. माझ्या पांथशाळेत खाली एक लहानसे दगडी कुंड होते. मी तिकडे निघाले, तर मालकीणबाईंनी हसून खडावा पुढे केल्या. ‘ते रात्री उशिरा आलात तर. आता बाहेर जाऊन या.’

मला तो आदरातिथ्याचा भाग वाटला. दुसऱ्या दिवशी गावाचा इतिहास वाचायला बसले, तेव्हा त्या एका वाक्यामागे जवळजवळ पाव शतकाचे भांडण आहे हे समजले.

परंपरा सांगते की आठव्या शतकात दोची नावाच्या भिक्षूने हजार दिवस प्रार्थना केली आणि इथे पाणी उसळले. दंतकथा बाजूला ठेवली तरी तिच्यातला एक मुद्दा उरतो : पाणी कुणा एकाच्या अंगणात आले नाही, गावात आले. शतकानुशतके व्यवहार तसाच होता. पाहुणा पांथशाळेत झोपे, जेवे आणि स्नानाला गावाच्या कुंडावर जाई. शिगांच्याच ‘अंधाऱ्या रात्रीचा प्रवास’ या कादंबरीचा नायक किनोसाकीला येतो, तेव्हा तोही गोशो-नो-यु या सार्वजनिक स्नानगृहात जातो. हे पुस्तक माझ्या कपाटात होते. टीप लिहिताना मी ते उघडले नव्हते.

23 मे 1925 रोजी भूकंप झाला. पाठोपाठ आग लागली आणि लाकडी गाव जळून गेले. ज्या मिकिया पांथशाळेत शिगा उतरले होते, तीही गेली. पुनर्बांधणी करताना लोकांनी आपापल्या जमिनीचा भाग रस्ते आणि नदीकाठ रुंद करण्यासाठी सोडला. शाळा आणि सार्वजनिक स्नानगृहे यांना अग्रक्रम मिळाला. सगळेच बेघर झालेल्या गावात हा क्रम ठरवणे सोपे नसणार.

मग 1927 साली मिकियाच्या मालकांनी आपल्या आवारातले गरम पाणी आपल्याच पाहुण्यांसाठी वापरायला घेतले. त्यांच्या बाजूने पाहिले तर युक्तिवाद सरळ होता : जमीन माझी, पाणी माझे. गावाचे म्हणणे वेगळे. खालचा झरा एकच, तो सर्वांचा. आणि पाहुण्यांना आतच पाणी मिळाले तर ते बाहेर पडणार नाहीत. मग ज्या लहान पांथशाळांना कुंड बांधणे परवडत नाही त्या, आणि रस्त्यावरची दुकाने, कशावर जगणार? प्रकरण न्यायालयात गेले. मधे महायुद्ध येऊन गेले. तडजोड झाली ती 1950 मध्ये. पाण्यावर गावाच्या सामाईक संस्थेचा हक्क मान्य झाला, उचियुला परवानगी मिळाली, पण आकाराची मर्यादा घालून. पुढे नव्या विहिरी खोदून सगळे गरम पाणी एकत्र करून नळांनी वाटण्याची व्यवस्था झाली. माझ्या पांथशाळेतले कुंड लहान होते, त्याचे मूळ या तडजोडीत होते.

गावाबद्दल तिथे एक म्हण सांगतात : सारे गाव एकच पांथशाळा, स्टेशन तिचा दरवाजा, रस्ते म्हणजे ओसऱ्या, पांथशाळा म्हणजे खोल्या आणि सोतोयु म्हणजे न्हाणीघर. ऐकायला गोड वाटते. पण शेजाऱ्याविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या लोकांची ही म्हण आहे, हे कळल्यावर तिचे वजन बदलते.

आता टीप सुधारायची आहे. ‘सोतोयु’ला मराठीत काय म्हणावे, यावर अडले आहे. ‘सार्वजनिक स्नानगृह’ नगरपालिकेच्या पाटीसारखे वाटते. ‘पाणवठा’ जवळचा आहे, पण तो शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनात लगेच ‘कुणाचा?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाला आपला स्वतःचा, फार कडवट इतिहास आहे. तो किनोसाकीच्या व्यापारी भांडणावर लादणे अन्यायाचे होईल. म्हणून मूळ शब्दच ठेवते आणि अर्थ देते : बाहेरचे पाणी.

कथेतल्या तीन मृत्यूंपैकी मधमाशीचा निवेदकाला पांथशाळेतून दिसतो. नदीतला उंदीर आणि त्याच्याच दगडाने मरणारा न्यूट या दोन्ही गोष्टी तो बाहेर पडल्यावर घडतात. नव्या आवृत्तीत ते वाक्य असे असेल : ‘स्नानासाठी त्यांना रोज बाहेर पडावे लागे.’